गायनाचा तास आणि डेड स्टॉक रजिस्टर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने, म्हणजे आपल्याच बॅचच्या तिघांनी, माझ्याकडे 'शाळेतील संगीत' हा विषय दिला तेव्हा मला आधी हसू आले. ज्या मुलीला समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगितले होते, तिच्याकडे हा विषय! पण नाही म्हटले नाही. दिवाळीत मिरजेला आले होते, तेव्हा शाळेत जाऊन काही कागद मिळतात का ते पाहिले. गायनाच्या तासाचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नसतो. हेडक्लार्कांनी बराच विचार करून कपाटातून एक जाडजूड वही काढली आणि म्हणाले, "मॅडम, संगीताचं जे काही आहे ते यातच सापडलं तर सापडेल." ती वही म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर.

बाके, फळे, नकाशे, पृथ्वीगोल, पाण्याचे पिंप यांच्या मधूनमधून आपले संगीत त्यात नोंदलेले आहे. हार्मोनियम १ नग. तबला-डग्गा १ जोडी. झांजा. लेझीम, ज्यांची संख्या दर काही वर्षांनी कमी होत गेलेली. बिगुल. आणि एक तंबोरा, शेऱ्याच्या रकान्यात 'देणगी'. या नोंदी वाचताना माझ्या लक्षात आले, की शाळेचा इतिहास सांगायचा तर आधी गावाचा सांगायला हवा. मिरजेत राहून आपण हा इतिहास रोज ओलांडून शाळेत जात होतो.

विष्णू दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, म्हणून उपचारासाठी त्यांना मिरजेत आणले. दृष्टी पूर्ण सुधारेना, शाळेचा अभ्यास शक्य होईना, तेव्हा मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, हे आपण सामान्यज्ञान स्पर्धेसाठी पाठ केले होते. पण पुढची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नव्हती. गावातल्या एका समारंभाला विष्णू दिगंबरांना आमंत्रण आले, गुरूंना मात्र नाही. ते काय, गवई, असे कारण मिळाले, आणि तो अपमान मनात धरून त्यांनी मिरज सोडली, असे सांगतात. साल १८९६. आपण दहावी होऊन शाळा सोडली ते १९९६. शंभर वर्षांचा हा योगायोग मी बसवलेला नाही, तो आपोआप बसला आहे.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यात राजाश्रय नव्हता. तिकीट लावून जलसे करायचे, त्या पैशावर शाळा चालवायची. स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली, अभ्यासक्रम आखला. आज आपल्याला 'संगीताचा तास', 'संगीताची परीक्षा' हे शब्द साधे वाटतात, पण ज्या काळी गुरूच्या घरी पाणी भरून वर्षानुवर्षे एक राग मिळायचा, त्या काळी वेळापत्रकात गाणे बसवणे ही फार मोठी गोष्ट होती. हे काम करणारे ते एकटे नव्हते. पुण्यात गायन समाज १८७४ पासून होता, बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली, आणि भातखंड्यांनी पुढे क्रमिक पुस्तके करून बंदिशी सर्वांसाठी खुल्या केल्या. पण पलुसकरांची धडपड मला शाळेच्या जास्त जवळची वाटते, कारण त्यांना गवई घडवण्याइतकेच गाणे समजणारी सामान्य माणसेही घडवायची होती. १९३१ मध्ये त्यांचे निधन मिरजेतच झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, ज्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही देशभर होतात. मंडळाचे कार्यालय ब्राह्मणपुरीत आहे. त्यावरून आपण कितीदा सायकली दामटल्या असतील!

आता आपल्या शाळेकडे येते.

१९९० साली पाचवीत आलो तेव्हा आठवड्यातून एक तास गायनाचा होता. तो सातवीपर्यंत. आठवीपासून गायन गेले आणि त्या जागी गणिताचा जादा तास आला. तसा तो सातवीपर्यंतही निम्मा गणिताचाच असायचा, कारण भाग संपला नाही की गणिताचे सर दारात उभे राहून "बाई, आजचा तास घेऊ का?" असे विचारायचे आणि बाई कधी नाही म्हणायच्या नाहीत. गायन श्रेणी विषयात. श्रेणी विषयात कोणी नापास होत नाही, म्हणून त्याचा तास कोणालाही देता येतो. (सर, ही स्मरणिका तुमच्याही हातात पडणार आहे हे मला माहीत आहे. तुमच्यामुळे मी इंजिनिअर झाले हेही खरे आहे.)

तास झालाच तर शिपाईमामा पेटी खांद्यावरून आणून टेबलावर ठेवत. एका पट्टीचा सूर अडकलेला होता, ती दाबली की उठायची नाही, बाई गाता गाता बोटाने तिला वर ओढायच्या. साठ मुले, पस्तीस मिनिटे, एक पेटी. अलंकार म्हणायचे, मग एखादी प्रार्थना. मागच्या बाकांवर फुल्ली-गोळा चालायचा.

खरे गाणे व्हायचे ते कार्यक्रमांना. सरस्वतीपूजन, १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, स्नेहसंमेलन, समूहगीत स्पर्धा, आणि एकदा सांगली आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रण. या सगळ्याला तीच सहा मुली आणि तबल्यावर तोच एक मुलगा. त्या सहा जणी गायच्या छान, त्यात वाद नाही. पण त्या आधीच घरी शिकत होत्या, बाहेर क्लासला जात होत्या. शाळेने त्यांना माईक दिला, गाणे त्या घरून घेऊन आल्या होत्या. बाकीच्या चोपन्न जणांना शाळेने काय दिले, हा प्रश्न मला रजिस्टर वाचताना पहिल्यांदा पडला. आणि मुलींनी गायचे, मुलांनी वाजवायचे हे कोणी ठरवले होते? हिराबाई बडोदेकरांचा जन्म या गावातला, १९०५ चा. घरंदाज बाईने तिकीट लावून मैफलीत बसून गाणे हे ज्यांनी समाजाच्या पचनी पाडले त्यांत त्या अग्रणी. त्यांच्या गावात नव्वदच्या दशकात आपल्या वर्गातल्या एका मुलीने तबला शिकायचा म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला होता. मीही हसले होते. ती हे वाचत असेल तर, चुकले.

चोपन्न जणांच्या प्रश्नाला एक उत्तर रजिस्टरमध्येच सापडले: लेझीम. समूहगीतात सहा, लेझमीत साठ. तिथे आवाजाची परीक्षा नव्हती. हलगीच्या ठेक्यावर पाऊल चुकले तर शेजारच्याची लेझीम कोपराला लागायची, त्यामुळे ताल आपोआप अंगात शिरला. चार-चारचे आवर्तन, दुप्पट, पुन्हा मूळ लय, हे सगळे आपण खेळाच्या तासाला शिकलो आणि त्याला कोणी संगीत म्हटले नाही. माझ्या मते आपल्या शाळेतले सर्वात यशस्वी संगीतशिक्षक म्हणजे पी.टी.चे सर. त्यांना हे मान्य होणार नाही.

आता ओठ हलवण्याची गोष्ट. सातवीत समूहगीत स्पर्धेसाठी उंचीप्रमाणे रांग पुरी करायला मला घेतले होते. तालमीला आलेल्या एका शिक्षकांनी कान देऊन ऐकले आणि मला सांगितले, "तू नुसते ओठ हलव." वाईट हेतू नव्हता, बक्षीस हवे होते. ते मिळालेही, दुसरे. प्रमाणपत्र अजून माझ्या फायलीत आहे, न गायलेल्या गाण्याचे.

गायनाच्या बाईंनी ते पाहिले होते. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावले आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची खोळ काढायला लावली.

हा तंबोरा एका पालकांनी दिलेला. सतारमेकर गल्लीतल्या आपल्या वर्गमित्रांना वेगळे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या सुना-जावयांसाठी सांगते. मिरजेत तंतुवाद्ये बनू लागली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी तलवारी आणि शस्त्रे घडवणारी शिकलगार मंडळी इकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले आद्य नाव. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, ते वर्षभर वाळवतात, त्यातून आकाराने योग्य तो निवडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस अभिनंदन चालू होते. देशभरचे गवई ज्या गल्लीतून तंबोरे नेतात, ती आपल्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. शाळेत मात्र एकच, तोही खोळीत.

बाईंनी तो जुळवला. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवत जवारी उघडली आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "गाऊ नकोस. छेडत राहा आणि ऐक. गंधार ऐकू आला की सांग." मी म्हटले, बाई, गंधाराची तारच नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

किती दिवस गेले आठवत नाही. मधली सुट्टी, डबा अर्धवट, हातात तंबोरा. आणि एके दिवशी खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, बारीक गंधार उमटला. मी ओरडलेच. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात हे त्यांनी त्या दिवशी सांगितले. वालचंदला इंजिनिअरिंग करताना कंप पावणाऱ्या तारेचे गणित शिकले तेव्हा कळले, की तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपटीने होणारे कंपन म्हणजे तो गंधार. आणि आपल्या पेटीतला गंधार त्याहून अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. यावरून या परिसरात केवढे वाद झालेत! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर खास श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. त्या श्रुती गाऊन दाखवायला अब्दुल करीम खाँसाहेब होते, जे १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आणि ज्यांच्या स्मरणार्थ उरुसात अजून रात्ररात्र गाणे होते. आकाशवाणीने तर १९४० पासून तीसेक वर्षे पेटीला बंदीच घातली होती. आणि आपण अडकलेल्या पट्टीच्या पेटीवर सा रे ग म म्हणत होतो!

मी गायिका झाले नाही. उरुसात आणि अंबाबाईच्या नवरात्रात गाणे ऐकायला मात्र त्यानंतर आईचा पदर न धरता, स्वतःहून जाऊ लागले. बाईंनी त्या वर्षी माझ्यासारख्या आणखी तिघा-चौघांना असे बसवले होते, हे मला आत्ता ग्रुपवर विचारल्यावर कळले. प्रत्येकाला वाटत होते, आपण एकटेच.

बाई निवृत्त झाल्यावर गायनाची जागा भरली गेली नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक सांगितला आहे, पण कला म्हणजे बहुतेक ठिकाणी चित्रकला. दुसरीकडे शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे मुले बाहेर क्लास लावतात आणि शाळा प्रस्ताव पाठवते. गायनाचे गुण मिळतात, गायन मिळत नाही. ज्यांना क्लासची फी परवडते ती मुले आजही सहाच असावीत.

रजिस्टरमध्ये हार्मोनियमपुढे 'नादुरुस्त' असा शेरा आहे. तंबोऱ्यापुढे 'निर्लेखित', म्हणजे कागदोपत्री तो आता अस्तित्वात नाही. पण हेडक्लार्कांबरोबर अडगळीच्या खोलीत गेले तर तो होता, मोडक्या फळ्यामागे, त्याच खोळीत. भोपळ्याला चीर, दोन खुंट्या गायब, तारा गंजलेल्या. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी तो सतारमेकर गल्लीत नेला. कारागिरांनी दांडीवर टिचकी मारून ऐकले, लाकूड चांगले आहे म्हणाले, चीर सांधता येईल. मग विचारले, "वाजवणार कोण?"

आपल्या बॅचच्या निधीतून डिजिटल फळा द्यायचा की काय, यावर ग्रुपवर मतदान चालू आहे. मी स्वतः संगणकावर पोट भरते, तरी माझे मत गायनाच्या अंशकालीन शिक्षकाच्या एका वर्षाच्या मानधनाला आहे. शनिवारी दोन तास, पाचवी ते सातवी, सगळ्या मुलांसाठी. निवड चाचणी नाही. माझ्या बाजूने आत्तापर्यंत अकरा मते आहेत. ज्यांनी मत दिलेले नाही त्यांनी संमेलनाआधी द्यावे.

तंबोरा दुरुस्त होऊन आला आहे. संमेलनाच्या दिवशी तो गायनाच्या जुन्या वर्गात ठेवणार आहोत. तारा चढवल्या आहेत, पण जुळवलेल्या नाहीत. बाई, तेवढ्यासाठी तुम्ही अर्धा तास लवकर या. मी रिक्षा पाठवते.