खुब्याचा नवा सांधा आणि पहिली पावले

खुब्याचे हाड मोडले की मनुष्य संपला, अशी समजूत आपल्या वाडवडिलांच्या काळी घरोघरी होती. आणि ती निराधार नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास शय्याव्रण, न्यूमोनिया आणि पायातील रक्ताच्या गुठळ्या ग्रासत असत. मोडलेल्या हाडापेक्षा अंथरूणच अधिक घात करी.

हे चित्र पालटण्यात इंग्लंडमधील शल्यविशारद सर जॉन चार्नली यांचा मोठा वाटा आहे. नोव्हेंबर 1962 मध्ये राइटिंग्टन येथे त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टिकाऊ पॉलिथिलीनची वाटी सिमेंटने बसवून झिजलेल्या खुब्याला नवा सांधा दिला. तरीही त्या काळी रुग्ण कित्येक आठवडे रुग्णालयातच राहत असे. आज बहुतेकांना त्याच अथवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे करतात.

महाराष्ट्रात चालविण्याची ही विद्या प्रथम पोलिओग्रस्त बालकांच्या निमित्ताने रुजली. 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. 1955 मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. 1965 मध्ये पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी स्थापिलेल्या रुग्णालयाच्या तर नावातच पुढे पुनर्वसन हा शब्द आला. आपल्या जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे आज भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत.

शस्त्रक्रिया एक-दोन तासांची. पुढील सहा ते बारा आठवडे मात्र रुग्णाचे आणि घरच्यांचे. घोटा वरखाली हलविणे, मांडीचे स्नायू आवळणे, थोडे थोडे चालणे; जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. प्रारंभी पायावर पाय टाकणे, उकिडवे बसणे, खाली वाकणे बहुधा वर्ज्य असते, अन्यथा सांधा निखळण्याचे भय. आपल्या ज्येष्ठांना येथेच अवघड वाटते. जन्मभर जमिनीवर मांडी घालून सामायिक केलेल्या मातोश्रींना खुर्चीवर बसणे कमीपणाचे वाटते. परंतु सामायिकाचे सार समभावात आहे, मांडीत नव्हे, हे त्यांना आदरपूर्वक समजावले पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या मायेची. ‘आई, तू पडून राहा, आम्ही आहोत ना’ असे म्हणणारा पुत्र सेवाभावी खरा. पण वर्षानुवर्षे न उलगडलेले कापड घडीवरच विरते, हे आम्हा कापडवाल्यांना चांगले ठाऊक आहे. शरीराचेही तसेच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मातोश्रींना हात देऊन उठविणे आणि चार पावले सोबत चालणे, हीच त्यांची खरी वैयावृत्य होय.