शब्दांची सोबत

'एक्स्प्लनेशन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. अडायला होते ते वाक्य करताना. इंग्रजीत एक्स्प्लनेशन 'गिव्ह' करतात, 'ऑफर' करतात, वरिष्ठ ते 'डिमांड' करतात, पटण्याजोगे असले तर त्याला 'प्लॉझिबल' म्हणतात. 'डू' मात्र करत नाहीत. का नाही, हे कोणत्याही नियमाने सांगता येत नाही. मराठीतही स्पष्टीकरण दिले जाते, खुलासा केला जातो आणि सरकारी कचेरीत तो मागवला जातो. शब्दांच्या अशा ठरलेल्या सोबतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. ही सोबत नेटाने टिपून ठेवण्याची गरज त्या भाषेत जन्मलेल्यांना भासली नाही. ती परक्यांच्या अडखळण्यातून निर्माण झाली, असे तिचा इतिहास पाहता मला ठामपणे वाटते.

हॅरल्ड पामर हा इंग्रज शिक्षक आधी बेल्जियममध्ये इंग्रजी शिकवत असे. 1922 साली तो जपानच्या शिक्षण खात्याचा भाषा-सल्लागार म्हणून तोक्योला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था उभी राहिली. जपानीत 'सेत्सुमेई सुरु' म्हणजे शब्दशः 'स्पष्टीकरण करणे'. ज्याच्या तोंडी हा प्रयोग बसलेला आहे त्याला इंग्रजीत 'गिव्ह' आपसूक कसे सुचणार? अशी चूक वर्गात रोज ऐकणाऱ्या शिक्षकालाच कळते की शब्द सुटा शिकवून भागत नाही, तो त्याच्या सोबत्यांसकट शिकवावा लागतो. 1933 साली या संस्थेने इंग्रजी शब्दबंधांचा मोठा अहवाल काढला. संग्रहाच्या कामात पामरच्या बरोबर ए. एस. हॉर्नबी होता. हॉर्नबीने दोन सहकाऱ्यांसह रचलेला कोश 1942 साली, ऐन महायुद्धात, तोक्योतच छापला गेला. 1948 साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला, आणि पुढे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हाती आला तो त्याच कोशाचा वंशज. त्यात कोणत्या क्रियापदाची वाक्यरचना कशी होते हे दाखवलेले असे. 'मला समजावून सांगा' असे म्हणत वाढलेला मराठी मुलगा 'एक्स्प्लेन मी' म्हणतो. मधला 'टू' कुठे घालायचा हे त्याला अर्थावरून कधीच कळले नसते. ते रचना पाहूनच कळते.

यावर कोणी म्हणेल की ही कल्पना खरी जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाची. शब्दाच्या अर्थात त्याच्या सोबत्यांचाही वाटा असतो, हा सिद्धांत फर्थने मांडला हे खरेच, पण तो 1951 साली. तोक्योचा अहवाल त्याच्या अठरा वर्षे आधीचा. शिवाय फर्थने स्वतः 1920च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे काम खरे तर संगणकाने केले. बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली कोट्यवधी शब्दांचा मजकूर संगणकात भरून 1987 साली 'कोबिल्ड' कोश निघाला, आणि शब्दांच्या जोड्या मोजूनच दाखवता येऊ लागल्या. मोजदादीने अचूकता आली, यात शंका नाही. पण तो कोशही परभाषकांसाठीच होता. मागे जाऊन पाहिले तर डॉ. जॉन्सन यांनीही 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला चिकटणाऱ्या 'ऑफ', 'अप' सारख्या शब्दांकडे लक्ष वेधले आहे, आणि तिथेही परदेशी माणसांची अडचण सांगूनच.

या दृष्टीने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. 1857च्या आवृत्तीत कितीतरी नामांपुढे 'कर', 'दे', 'घाल', 'लाव' अशी क्रियापदे नोंदलेली आहेत: हे नाम या क्रियापदांबरोबर चालते, एवढीच खूण. हा कोश मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या उपयोगाचा. घरच्या माणसाला ही नोंद फालतू वाटेल, कारण 'दिवा लावणे' आणि 'दिवा देणे' यांत गोंधळ होतो हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र त्याच चार अक्षरांवाचून वाक्य पुरे करता येत नाही, म्हणून ती छापली गेली, आणि आज जुन्या मराठीत कोणते नाम कोणत्या क्रियापदाबरोबर नांदत होते हे शोधायला आपल्यालाही त्याच नोंदींकडे जावे लागते.