घास अडकतो, पण नोंद कुठे होते?

भाकरीचा घास छातीत अडकायला लागला की माणूस आधी पाणी पितो. मग भाकरी आमटीत कुस्करतो. मग भात, शेवटी दूध-ताक. दवाखाना लांबच राहतो, कारण जेवण 'जातंय' ना!

यामागचं कारण शरीरातच आहे. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे गाठ बरीच वाढून वाट अरुंद झाल्यावरच घास अडतो. आधी घट्ट आणि काही आठवड्या-महिन्यांत पातळही अडायला लागलं, तर कॅन्सरची शंका घ्यायची. अकॅलेशियात मात्र नळीचं खालचं तोंड गिळताना सैल होत नाही. तिथे बहुधा सुरुवातीपासून घट्ट-पातळ दोन्हींचा त्रास होतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. असा आजार जुना झाला की अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

आता असा रुग्ण दवाखान्यात गेलाच नाही, तर त्याची नोंद कुठे होणार?

मुंबईत 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. 1982 पासून आयसीएमआरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नोंदी गोळा होऊ लागल्या. शहरात रुग्णालयं आणि प्रयोगशाळांची दप्तरं तपासली की बरेचसे रुग्ण सापडतात. गावात प्रयोगशाळाच नसेल, तर त्या पद्धतीने आकडा शून्य येईल. म्हणजे तिथे कॅन्सर नाही असं थोडंच आहे!

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तिने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, भूम आणि परंडा तालुके तिच्या कक्षेत होते. तिचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, धोक्याच्या खुणा सांगायचे, संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणायचे. नोंद आणि जागृती एकाच फेरीत.

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रांनो, इथे थोडं थांबा. विचारत गेलं की आकडा वाढतो. तेव्हा रोग वाढला की मोजणी सुधारली, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा.

पुढे याच भागात जागृतीनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं निदान आधीच्या टप्प्यावर होऊ लागल्याचं दिसलं. 1995 साली तसा शोधनिबंधही आला. अन्ननलिकेचं मात्र तेवढं सोपं नाही, कारण तिथे लक्षणच उशिरा येतं. 'गिळायला त्रास होतो का?' असं विचारलं तर 'नाही' असंच उत्तर मिळू शकतं, आणि ते खोटंही नसतं. त्या माणसाने जेवणच बदललेलं असतं.

म्हणून उद्या प्रश्नावली बनवाल, तेव्हा एक ओळ जरूर घाला: हल्ली भाकरी कुस्करून खाता का? आणि कधीपासून?