असईचा उतार

शंकांनी मन कुरतडले की आम्हांस आपल्याच जालना जिल्ह्यातील असई आठवते. दिनांक २३ सप्टेंबर १८०३. केळणेपलीकडे शिंदे-भोसल्यांचे प्रचंड सैन्य. कर्नल स्टीव्हनसनची कुमक दूर. थांबावे की लढावे? सेनापती वेलस्लीने लढावयाचे ठरविले; पण नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगू लागले. तेवढ्यात त्याला दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. शेजारच्या गावांत येणे-जाणे असणारच, म्हणजे उतारही असणार! शोधताच तो सापडला. बाकीच्या शंका तशाच होत्या. एवढी खात्री त्याला पुरली. विजय परकीयांचा, त्याचे गोडवे आम्ही कशाला गावे? त्याचे दीड हजारांवर सैनिक मृत वा जखमी झाले. इकडच्या घरांतील आक्रोश कोणी मोजला? एवढी हानी पुन्हा पाहावी लागू नये, असे त्यानेच पुढे लिहिले.