झाडावरून उतरलेल्या कपीची कथा

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात इतिहासाचा पहिला पाठ शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस निरुत्तर केले. पाठ आदिमानवाचा होता. आम्ही नेहमीच्या रीतीने सांगत होतो की, फार प्राचीन काळी आफ्रिकेतील हवा कोरडी झाली, अरण्ये विरळ झाली, झाडांवर राहणारे कपी भुईवर उतरले, उंच गवतापलीकडचे दिसावे म्हणून दोन पायांवर उभे राहिले, त्यामुळे हात मोकळे झाले, हातांत दगड आला आणि माणूस घडला. तो मुलगा उठून म्हणाला, "सर, दुष्काळ तर सगळ्याच माकडांवर पडला असेल. मग बाकीची का नाही माणसे झाली?" आम्ही "बस खाली, ते पुढे येईल" असे सांगून वेळ मारून नेली. पुढे काही आले नाही. पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते आणि आमच्यापाशीही नव्हते. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घर करून बसला. फावल्या वेळात जे वाचले, त्यातून हाती आलेले येथे मांडीत आहोत.

ही कथा मुळात टाकाऊ नव्हे. डार्विनने १८७१ साली मानवाच्या वंशावळीवर ग्रंथ लिहिला, त्यातच अन्न मिळविण्याची रीत किंवा भोवतालची परिस्थिती पालटल्यामुळे आपला पूर्वज झाडांवरून उतरला असावा, असा तर्क आहे. त्याला हाडाचा पुरावा मिळाला तो १९२४ साली, दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथील चुनखडीच्या खाणीत. जोहान्सबर्गचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या हाती एका बालकाची कवटी आली. मेंदू कपीएवढाच, परंतु कवटीच्या तळाचे, मज्जारज्जू जेथून उतरतो ते छिद्र पुढे सरकलेले, म्हणजे मान ताठ व चालणे दोन पायांवर. ताउंग कालाहारीच्या वाळवंटाच्या कडेला आहे. तेव्हा १९२५ साली डार्ट यांनी अनुमान बांधले की, फळांनी लगडलेल्या अरण्यात बुद्धीला धार यावी अशी निकडच नसते. उघड्या, रुक्ष माळरानानेच माणूस घडविला. विलायतेतील पंडितांनी त्यांची टर उडविली, कारण त्यांच्याजवळ पिल्टडाउनची मोठ्या मेंदूची कवटी होती. ती कवटी निव्वळ बनावट असल्याचे १९५३ साली उघडकीस आले. डार्ट यांचा विजय झाला. मात्र त्या विजयाबरोबर त्यांचे माळरानही शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसले.

ह्या माळरानाला पहिला मोठा धक्का इथिओपियातून बसला. तेथील अरामीस परिसरात १९९४ साली एका स्त्रीचा सांगाडा मिळू लागला. हाडे इतकी ठिसूळ व चुरडलेली होती की, ती सोडवून, जुळवून त्यांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध व्हायला २००९ साल उजाडले. वय सुमारे ४४ लाख वर्षे. हिच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा फाकलेला, फांदी पकडण्याजोगा. आणि तरीही कमरेची ठेवण अशी की, संशोधकांच्या मते ती भुईवर दोन पायांनी चालत असावी. तिच्या शेजारी सापडली ती झाडांवर राहणाऱ्या वानरांची व झाडीत चरणाऱ्या हरणांची हाडे. तो प्रदेश कितपत दाट झाडीचा होता याविषयी तज्ज्ञांत तंटा आहे. पण तो निखळ गवताळ माळ होता असे सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे झाडे संपली म्हणून माणूस उभा राहिला, हे विधान डळमळते. झाडे असतानाच तो उभा राहू लागला होता.

दुसरा धक्का आपल्या घराजवळचा आहे, आणि आमच्या मते अधिक बोलका आहे. आमच्या विद्यार्थिदशेत 'रामापिथेकस' हे नाव आम्ही मोठ्या अभिमानाने पाठ केले होते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत १९३२ साली लुईस नावाच्या अमेरिकन संशोधकाला एका जबड्याचा तुकडा मिळाला. १९६० नंतर काही नामवंत शास्त्रज्ञांनी त्याला मानवाचा आद्य पूर्वज ठरविले. आपला पूर्वज भारतातला आणि नावात राम, मग अभिमानाला काय तोटा! परंतु १९८० च्या सुमारास त्याच टेकड्यांच्या पाकिस्तानातील भागात त्याच्या भाऊबंदाचा चेहरा सापडला आणि तो थेट बोर्निओ-सुमात्रातील ओरांगउटानशी मिळता निघाला. रामापिथेकसला मानवाच्या घरातून बाहेर पडावे लागले. आमच्यासारख्या कित्येक शिक्षकांनी मात्र त्याला पुढेही बरीच वर्षे वर्गात ठेवून घेतले, हे कबूल केले पाहिजे.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्या शिवालिक प्रदेशातही हवा पालटली होती. तेथील मातीच्या रासायनिक परीक्षणावरून दिसते की, सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी तेथली वने मागे हटली आणि गवत पसरले. म्हणजे आफ्रिकेच्या कथेतला देखावा येथे हुबेहूब उभा राहिला. मग येथल्या कपीने काय केले? तो उभा राहिला नाही, दगड उचलला नाही. हा पालट सुरू होण्याच्या सुमारास, सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वी, तो तेथून नाहीसाच झाला. त्या मुलाच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटतो. दुष्काळ सगळ्यांवर पडतो आणि बहुतेकांना तो मारून टाकतो. नुसत्या कोरडेपणाने माणूस घडत नाही.

मग कशाने? येथे आकाशाकडे पाहावे लागते. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' ग्रंथात वेदकालाचा निर्णय करताना ज्या संपातचलनाचा आधार घेतला, तेच संपातचलन हवामानाच्या इतिहासातही काम करते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्याचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होतो, तिची कक्षाही कमीअधिक लांबट होते. ह्या गतींचे गणित सर्बियाचे मिलान्कोविच यांनी १९४१ पर्यंत बारकाईने मांडले. संपातचलनामुळे उन्हाळ्यातील सूर्यतापात साधारण २३ हजार वर्षांच्या आवर्तनाने चढउतार होतात आणि त्यांबरोबर मोसमी पाऊस वाढतो व घटतो. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतील सरोवरे अशी कित्येकदा तुडुंब भरली व आटली. आफ्रिकेवरून वाऱ्याने समुद्रात नेलेल्या धुळीचे थर तळाशी साचले आहेत. त्यांवरून दिसते की, सुमारे २८ लाख, १७ लाख व १० लाख वर्षांपूर्वी कोरडेपणाची पायरी वाढली. परंतु ती सरळ उतरण नव्हती. ओल आणि सुकाळ परत येत होते, पुन्हा जात होते.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे रिक पॉट्स यांनी १९९० नंतर जो विचार मांडला, त्याचे मर्म हेच आहे. एका ठराविक परिस्थितीला घट्ट जुळवून घेणारा प्राणी ती परिस्थिती असेतोवर राजा असतो. पूर्व आफ्रिकेत मानवाच्या चुलत घराण्यातील अशी एक जात होती. तिची कवटी मेरी लीकी यांना १९५९ साली ओल्डुवाई येथे सापडली. प्रचंड जबडा, जात्यासारख्या दाढा, आणि दातांच्या परीक्षणावरून कळते की आहार मुख्यतः गवत व लव्हाळे ह्यांचा. ही जात दहा लाखांहून अधिक वर्षे टिकली, म्हणजे तिला नालायक म्हणण्याचा आपल्याला मुळीच अधिकार नाही. आपली स्वतःची जात अवघी ३ लाख वर्षांची आहे. पण ती गेली. तिच्याच शेजारी राहणारे आपले पूर्वज, ज्यांना ना तसे दात होते ना तशी ताकद, ते जे मिळेल ते खात राहिले.

ह्या विचाराची कसोटी पाहावयाची तर केनियातील ओलोर्गेसायली हे स्थान पाहावे. नैरोबीच्या नैऋत्येस, खचदरीच्या तळाशी. येथे सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीपासून ५ लाख वर्षांपूर्वीपर्यंत माणसे एकाच घडणीच्या दगडी हातकुऱ्हाडी बनवीत होती. सात लाख वर्षे! आमच्या शाळेत फळा बदलायला वेळ लागतो अशी तक्रार करणाऱ्यांनी ह्या आकड्याकडे पाहावे. दगड बहुतेक पाच किलोमीटरांच्या आतलाच, कारण पाणी व शिकार जवळ होती. मग थरांमध्ये मोठा खंड पडतो, आणि सुमारे ३ लाख २० हजार वर्षांपूर्वीचे थर पुन्हा दिसू लागतात, तेव्हा सारेच निराळे. जुने महाकाय हत्ती, प्रचंड बबून नाहीसे झालेले. त्यांच्या जागी लहान शरीराच्या जाती. हातकुऱ्हाडी गेल्या आणि लहान, नेटकी, टोकदार हत्यारे आली. त्यांतली काही ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, आणि ती काच पंचवीस किलोमीटरांहूनही दूरची. रंगासाठी घासलेले तांबडे व काळे खडे सापडले. दूरच्या टोळ्यांशी काही देवघेव असल्याखेरीज हे संभवत नाही.

मधल्या खंडात काय घडले? ते जाणण्यासाठी २०१२ साली शेजारच्या खोऱ्यात १३९ मीटर खोल छिद्र पाडून मातीचा गाभा काढण्यात आला. त्याचे वाचन २०२० साली प्रसिद्ध झाले. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी भूकंपांनी जमीन भंगली, मोठे खोरे लहान लहान खोऱ्यांत फुटले, पाणी कधी असे तर कधी नसे, गवत व झाडी आळीपाळीने येत. उद्या काय मिळेल याचा भरवसा उरला नाही. अशा वेळी शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी ओळख असणे हीच शिदोरी.

आम्हांस हे विवेचन पटते. पण एक गोष्ट लपवू नये. त्या नव्या हत्यारांच्या थरांत ती बनविणाऱ्यांचे एकही हाड मिळालेले नाही. हवामान पालटले आणि हत्यारे पालटली. एक दुसऱ्यामुळेच पालटले, हे अनुमान आहे, साक्ष नव्हे. वर्गात सांगताना हा भेद सांगितला पाहिजे, मग घंटा झाली तरी चालेल.

आपल्याकडील पुरावा याहून तुटपुंजा आहे. नर्मदा आम्हां माळव्यातल्या लोकांना परकी नाही. होशंगाबादजवळ, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा गावी नदीच्या वाळूगोट्यांच्या थरात भूविज्ञान सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये एका प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. त्याच थरात हातकुऱ्हाडीही आहेत. जबडा नाही, दात नाहीत. वयाविषयी एकमत नाही. त्या खोऱ्याच्या जुन्या थरांत हत्तींची हाडे आहेत आणि पाणघोड्याचीही आहेत. आज नर्मदेत पाणघोडा नाही. तो केव्हा गेला, कोणत्या कोरड्या काळात गेला आणि तो जात असताना हथनोराच्या त्या माणसाचे वंशज काठावर काय करीत होते, हे सांगणारे थर अजून त्या काठांत आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले थोडे पुरात वाहून जातात.