महासाथीनंतरचा शेजार

साथीच्या रोगाला सरहद्द ठाऊक नसते. पण साथ आली की पहिली बंद होते ती सरहद्दच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा युरोपातील राष्ट्रे इकडच्या जहाजांकडे आणि मालाकडे संशयाने पाहू लागली, आणि १८९७ मध्ये व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली. रोगाला अडवावे, पण व्यापार मरू देऊ नये, हा पेच तेव्हा होता. २०२० मध्ये कोरोनाची महासाथ आली आणि तोच पेच दक्षिण आशियातील शेजाऱ्यांपुढे उभा राहिला.

या शेजाऱ्यांची संघटना नवी नव्हती. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांनी ‘सार्क’ स्थापिली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा झाला. मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. तरी आपापसांतील व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तर राष्ट्रप्रमुख एकत्र बसलेच नाहीत. २०१६ ची इस्लामाबादची नियोजित परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली. घर मोठे, पण दिवाणखान्याला कुलूप!

१५ मार्च २०२० रोजी ते कुलूप क्षणभर निघाले. आठही देशांचे प्रतिनिधी दूरचित्रसंवादाने एकत्र आले आणि भारताने एक कोटी डॉलर देऊन आपत्कालीन निधीस आरंभ केला. पण निधीचा कारभार कोणाच्या हाती असावा, यावरच मतभेद झाले. दिवाणखाना पुन्हा बंद झाला.

मग सहकार्य झालेच नाही काय? झाले, पण ते मागील दाराने झाले. टाळेबंदीत बंगालच्या सरहद्दीवर मालमोटारी अडकल्या, तेव्हा जुलै २०२० मध्ये आंध्रातील गुंटूरची सुकी मिरची खास पार्सल गाडीने बांगलादेशात गेली. त्याच महिन्यात श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटू लागली असता रिझर्व्ह बँकेने चाळीस कोटी डॉलरांच्या चलन-अदलाबदलीचा करार केला. २०२१ मध्ये बांगलादेशानेही श्रीलंकेस वीस कोटी डॉलर दिले. ज्या देशास जग एके काळी केवळ मदतीचा याचक समजे, तो शेजाऱ्याचा धनको झाला, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र या इतिहासाचे एक पान आपणास खाली मान घालून वाचावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेली लस भूतान, मालदीव, बांगलादेश आणि नेपाळ येथे पोहोचली, तेव्हा आपणा सर्वांस अभिमान वाटला. बांगलादेशाने तीन कोटी मात्रांचा करारही केला होता. पण वसंतात आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. पहिली मात्रा घेतलेली माणसे दुसरीची वाट पाहत राहिली, आणि मे महिन्यात ढाक्यात चीनची लस उतरली. आपल्या घरी चिता पेटल्या असता दुसरे काय करता आले असते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच मे महिन्यात बांगलादेशाने रेमडेसिविरच्या दहा हजार कुप्या भारतात पाठविल्या, हेही विसरता कामा नये. विश्वास पहिल्या खेपेने मिळतो. टिकतो तो दुसऱ्या खेपेने.

हा धडा नंतर विजेच्या तारांवर गिरविला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळची ३९ मेगावॉट वीज भारताच्या बाजारात विकण्यास परवानगी मिळाली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि दिल्ली-ढाका संबंधांत कटुता आली. तरीही ३ ऑक्टोबर रोजी काठमांडूत नेपाळ, भारत व बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला, आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली. वीज अवघी ४० मेगावॉट! आकडा क्षुल्लक आहे. पण सरकार बदलले तरी तार तुटली नाही, हे क्षुल्लक नाही.

शेजारधर्म जाहीरनाम्यांनी उभा राहत नाही. मिरची, चलन, औषध, वीज अशा रोजच्या गरजेच्या देवघेवीतून तो हळूहळू मुरतो. पुढची साथ कधी येईल, ते कोणी सांगावे? ती येईल तेव्हा सरहद्दी पुन्हा बंद होतील. त्या पुन्हा किती लवकर उघडतील, हे मात्र आपण निरोगी दिवसांत दिलेला शब्द किती पाळला, यावर ठरेल.