मुरगळलेला सांधा : सुश्रुतसंहिता आणि भंडारा जिल्ह्यातील प्रचलित उपचार

भंडारा हा तळ्यांचा व धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांध्यांतून आणि निसरड्या धुऱ्यांवरून वावरताना पाय मुरगळणे येथे नवलाचे नाही. अशा वेळी हळदीचा गरम लेप देणे, तेलाने जोरात चोळणे किंवा हाडवैद्याकडून सांधा ओढून घेणे, ही ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी रीत होय. ती प्राचीन आयुर्वेदाची देणगी मानली जाते. हे मत मात्र ग्रंथाच्या आधारावर टिकत नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १५) सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘विश्लिष्ट’ प्रकारात सूज अल्प, वेदना सतत आणि सांध्याच्या हालचालीत बिघाड असतो. आज ज्याला अस्थिबंध ताणला जाणे म्हणतात, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात सुश्रुत स्पष्टपणे सांगतो की, असा सांधा वैद्याने हलवू वा चोळू नये. त्यावर शीत सिंचन व लेप करावेत. पट्टी सैल बांधल्यास सांध्यास स्थैर्य येत नाही, घट्ट बांधल्यास सूज व वेदना वाढतात, हेही तो बजावतो. पट्टी थंडीत सात, समशीतोष्ण काळात पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी, इतका तपशील तेथे आहे. कांबीसाठी सांगितलेले मोह, पळस, अर्जुन, बांबू हे तर भंडाऱ्याच्या रानातलेच वृक्ष!

हाताच्या तळव्याचे हाड मोडल्यास रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग मीठ आणि बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रमही या अध्यायात येतो. दुखापतीनंतर भार हळूहळू वाढवण्याचे तत्त्व येथे निःसंशय दिसते. पाश्चात्त्य वैद्यकाची वाटचालही या संदर्भात उद्बोधक आहे. १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब व पाय उंच ठेवणे हे सूत्र रूढ केले. पुढे बर्फामुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे त्यांनीच मान्य केले. आता वेदना सोसेल इतकी लवकर हालचाल करण्यावर भर दिला जातो.

खरा धोका लेपात नसून निदानात आहे. १९९२ मध्ये कॅनडात मांडलेल्या ओटावा नियमांनुसार घोट्याच्या भागात वेदना असून रुग्णाला चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. हाड मोडलेले असताना पाय ओढला गेला, तर रोवणीचा एक हंगामच नव्हे, तर मजुराची पुढील कित्येक वर्षांची कमाई बुडू शकते.